'मारला तर मारला, त्यात काय एवढं' म्हणणाऱ्यांसाठी

आखाड्यावरचा
आमच्या तालुक्याच्या ग्रुपवर परवा कुणीतरी बातमी टाकली. दरोडेखोर घरात घुसले, घरमालकानं एकाला कुऱ्हाडीनं तोडला. खाली सातबारा साहेबांची पोस्ट: "शाब्बास पठ्ठ्या! याचा सत्कार करा. मनावर परिणाम बिरिणाम हे पुण्या-मुंबईचे चोचले, आपल्या माणसाचं काळीज घट्ट असतं." तिथं उत्तर दिलं नाही, कारण त्या ग्रुपवर माझा मामा पण आहे. म्हणून इथं.

मामा परभणी जिल्ह्यातला. २०१५ चा डिसेंबर, हरभऱ्याला पाणी चालू, थ्री फेज रात्री बारानंतर. म्हणून दोघं नवरा-बायको आखाड्यावरच, म्हणजे शेतातल्या खोपटात, मुक्कामी. मोटार चालू करून परत येतो तर मामीच्या गळ्याला कोयता आणि दुसरा मंगळसूत्र ओढायलेला. दाराआडची पहार उचलली. एकच घाव. कोयतेवाला जागेवर गेला, दुसरा उसात पळाला.

३०२ लागली. साडेतीन महिने आत, मग साडेचार वर्षं तारखा. शेवटी स्वसंरक्षण मान्य, निर्दोष. गावानं वेशीवर हलगी लावली, गुलाल घेऊन उभे. मामा गाडीवरून उतरलाच नाही, सरळ घरी गेला.

आता ऐका. मामा नारळ फोडत नाही. बोअरला पाणी लागू द्या, नवा ट्रॅक्टर येऊ द्या, पोरीच्या लग्नात सुद्धा नारळ हातात आला की काहीतरी निमित्त काढून बाहेर. आम्ही हसायचो. एकदा मामी म्हणली, "आवाज तसाच येतो रे." बस, एवढंच.

पश्चात्ताप नाही त्याला. पुन्हा तसं झालं तर पुन्हा पहार उचलीन म्हणतो. आणि तरी रात्री दोनला अंगणात बसलेला असतो. तुम्ही 'वाघ' म्हणून मोकळे झालात. वाघानं झोप येत नाही हे कुणाला सांगायचं?

सातबारा
माझ्याच नावानं धागा, आभारी आहे. मग काय करायचं होतं? मामीला मरू द्यायचं होतं का? माझ्या आज्ज्यानं रझाकारांच्या काळात दोघं लोळवले. नव्वदीपर्यंत भाकरी-ठेचा खाऊन ढाराढूर झोपला. त्याला कुठला डॉक्टर लागला नाही.

आखाड्यावरचा
मरू द्यायचं होतं असं मी कुठं लिहिलंय? ओळ दाखवा.

डीपी_जळाला
मूळ प्रश्न कुणीच विचारीना. मामा रात्री बाराला शेतात काहून होता? लाईट रात्री देता म्हणून! साप चावून मेलेले, शॉक लागून मेलेले, आता हे. दिवसा थ्री फेज असती तर मामा घरी झोपला असता आणि तो चोर पण जिवंत राहिला असता.

कोर्टकचेरी
भादंवि ९६ ते १०६, आता न्याय संहितेत ३४ ते ४४. जिवाची भीती असली तर १०० खाली (आता ३८) समोरचा मेला तरी गुन्हा नाही. पण हे त्या रात्री ठरत नाही, कोर्टात ठरतं. स्वसंरक्षण दाखवायचं ओझं आरोपीवर. सरकारी पक्षाइतकं पक्कं दाखवावं लागत नाही, शक्यतेचं पारडं झुकलं तरी भागतं. पण तोवर माणूस दर तारखेला तीच रात्र ऐकत बसतो. माझ्या एका पक्षकाराबद्दल सरकारी वकिलानं विचारलं होतं, "पहिल्या घावात माणूस पडला, मग दुसरा कशाला?" सुटून सात वर्षं झाली. अजून फोन करतो. "वकीलसाहेब, दुसरा कशाला घातला असंल मी?"

आणि शाब्बासकीवाल्यांनो, १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा आठवतंय का? पोरं पळवणारे समजून पाच भिक्षेकरी ठेचून मारले. मारणाऱ्यांना तेव्हा आपणच बरोबर वाटत होतो.

सातबारा
घरात घुसलेला दरोडेखोर आणि राईनपाडा एकच का? काळा कोट घातला म्हणून काहीही जोडायचं?

बारा_नंबर_फाटा
@डीपी_जळाला सौर घ्या ना मग. 'मागेल त्याला सौर पंप' योजना आहेच. रडगाणं किती दिवस?

डीपी_जळाला
सातशे फुटाच्या बोअरला तीन एचपीचा सौर लावून दाखवा, तुमच्या पाया पडतो. दिवसा लाईट देणारी सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ला ऐकली, २०२३ ला तिचं २.० ऐकलं. आमच्या फीडरला अजून रात्रपाळीच आहे.

बारा_नंबर_फाटा
आमच्याकडं साडेसात एचपी मजेत चालतोय. तुम्ही अर्ज तरी केला का?

डीपी_जळाला
तुमच्याकडं म्हणजे गोदावरीच्या काठाला! विहिरीत वाकून तांब्या भरणाऱ्यांनी आम्हाला शिकवू नये.

निवृत्त_हवालदार
इथं माणूस मेलाय आणि तुम्ही एचपी मोजायलाव.

आमचा एक बॅचमेट गडचिरोलीला नक्षल बंदोबस्तात होता. चकमकीत समोरचा पडला. याला स्वतःच्या गोळीचा आवाजच आठवत नाही. तीन झाडल्या म्हणाला, मॅगझीन मोजलं तर अकरा कमी. खोटं बोलतोय असं वाटलं सगळ्यांना. समोरच्याच्या बुटाची सुटलेली नाडी मात्र आजही हुबेहूब सांगतो.

ओपीडी_सात
खोटं नाही ते. जिवावर बेततं तेव्हा कान बंद झाल्यासारखे होतात, नजर एकाच गोष्टीवर चिकटते, वेळ ताणल्यासारखा वाटतो. मग जबाबात विसंगती येते आणि तीच कोर्टात नडते. स्वप्नं, दचकणं पुष्कळांचं काही आठवड्यांत निवतं. सगळ्यांनाच आजार होतो असं नाही, इथं सातबारांचं थोडं बरोबर आहे. महिन्याच्या वर टिकलं तर दाखवावं. बरोबर वागलेल्याला हा त्रास होत नाही, एवढं मात्र डोक्यातून काढा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनला १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतही.

डीपी_जळाला
आखाड्यावर रेंज कुठाय डॉक्टर? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी. सरकारची जुनी चार मनोरुग्णालयं, त्यात मराठवाड्यातलं एक सांगा.

कीर्तनाला_येतो
गीता सगळ्यांना पाठ, शांतिपर्व कुणी उघडत नाही. धर्मराज जिंकलेला, बाजू न्यायाची, तरी राज्य नको म्हणून वनात निघाला. त्याची समजूत काढायला कृष्ण, व्यास, शरपंजरी पडलेले भीष्म, एवढे लागले. मामाला कोण मिळालं? हलगी.

मुखेडची_सून
@सातबारा आजा ढाराढूर झोपायचा हे कुणी सांगितलं? आज्जीला विचारलं का कधी? माझे सासरे रझाकारांशी लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कँपात होते. दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदनाला नेतात, शाल देतात. घरी आले की शाल खुंटीला आणि त्या रात्री ताट तसंच परत. चाळीस वर्षं मीच उचललंय ते ताट. मुलांना वाटतं आजोबांचा उपास असतो.

सातबारा
आज्जी गेली. आईला फोन लावला. आजा माळवदावर एकटाच झोपायचा म्हणे, उन्हाळा-हिवाळा. पोरांना शेजारी झोपू देत नव्हता, झोपेत हात चालायचा. वयामुळं असंल. तुम्ही लगेच नाचू नका.

पोस्ट काढणार नाही. 'सत्कार करा' तेवढं खोडलंय.

आखाड्यावरचा
मामानं ती पहिल्याच दिवशी वाचली. तुमच्या पोस्टला त्यानं अंगठा दिलाय, बघा.