रॅपमधून फ्रेंच: लिरिक्स समोर असूनही शब्द हाती लागत नाही

सावजी_तर्री
फ्रेंचची ए२ पातळी झाली, आता डेल्फ बी१ (त्याच्या पुढच्या पातळीची फ्रेंच परीक्षा) द्यायची आहे. धरमपेठच्या क्लासमधलं फ्रेंच समजते, पण रॅप लावला की शब्द कुठे गेले तेच कळत नाही. गाणी सगळी गल्ली, पैसा, 'एक दिवस मोठा होईन' अशी. काहून होते असं? परीक्षेत याचा उपयोग आहे का?

बर्डीवाला
भाऊ, शब्द चेपल्या जातात. पुस्तकातलं 'ज न से पा' (मला माहीत नाही) तोंडात 'शे पा' होते: 'न' पडतो, 'ज' आणि 'स' मिळून 'श'. तसंच 'ज स्वी'चं 'श्वी', 'त्यु आ'चं 'ता', 'इल्या'चं नुसतं 'या'. हे चार आधी कानात बसवा.

सोळा ओळींचं एकच कडवं घ्या, रोज चार ओळी. लिरिक्स झाकून, वेग 0.75 वर ठेवून ऐका आणि लिहा. 0.5 वर नको, आवाज फाटतो. मग ताडून बघा. म्हणताना मात्र बीट बंद. ठेका भरायला रॅपर मूक स्वर कुठे ओढतो, कुठे गिळतो. ती लकब बोलण्यात शिरली की निघत नाही. ऑटोट्यूनवाली (सॉफ्टवेअरने आवाजाचा सूर बदललेली) गाणी सध्या राहू द्या, आणि आपोआप येणाऱ्या कॅप्शनवर तर अजिबात जाऊ नका.

पाचपावली_पोट्टा
शब्द अडला तर आधी उलटून पाहा. 'लूश' (संशयास्पद) उलटा केला की 'शलू'. याला वेर्लां म्हणतात. नाहीच सुटला तर विक्सियोनेर (ऑनलाइन फ्रेंच शब्दकोश) बघा. 'ब्ले' म्हणजे गहू, 'ओझेय' म्हणजे चुक्यासारखी आंबट भाजी. रॅपमध्ये दोन्ही पैसा!

मजा पुढे आहे. 'बिक्राव', 'माराव', 'शुराव' हे रोमानीतून (युरोपातल्या रोमा लोकांच्या भाषेतून) आलेले, आणि रोमानी आपल्याच भाषाकुळातली. म्हणून विकणे, मारणे, चोरणे. पाठच करावं लागत नाही राजेहो. 'बिक्राव' बहुतेकदा गांजा-बिंजा विकण्यालाच वापरतात, तेव्हा क्लासमध्ये जपून.

डेल्फ_कट्टा
परीक्षेत यातला एकही शब्द लिहू नका. लेखन किमान 160 शब्दांचं असते, तिथे 'न' गाळला की चूकच. रॅपमधून घ्यायचं ते 'सी'चं वाक्य: 'सी जावे...' (माझ्याजवळ असतं तर...), पुढे कोंदिसिओनेल ('केलं असतं' सारखं क्रियापदाचं रूप). मोठं व्हायच्या गाण्यांत हे भरपूर सापडते, आणि बी१ ला लागते. पास व्हायला 100 पैकी 50, पण प्रत्येक भागात 25 पैकी किमान 5 पाहिजेत. श्रवणात संवाद आणि रेडिओचा मजकूर असते, त्यासाठी आरएफआय या फ्रेंच रेडिओच्या सोप्या फ्रेंच बातम्या वेगळ्या ऐका.