मदत हवी आहे: छोटी जपानी सुरी कोणती घेऊ?

एक चांगली जपानी पेअरिंग नाइफ घ्यायचीये, लसूण सोलणं, सफरचंदाची साल काढणं, स्ट्रॉबेरीचे देठ काढणं असलं बारीक काम हातातल्या हातात करायला. आता गोंधळ असा की ८०-९० मिमीची पेअरिंगपण मिळते आणि १२० ते १५० मिमीची पेटी नाइफपण (पेअरिंगपेक्षा लांब छोटी सुरी), आणि बरेच जण म्हणतात पेटीच घे, बोर्डवर पण चालते. पण फळ हातात धरून सोलताना एवढं लांब पातं टोकाशी कंट्रोल होतं का? मला तरी ९० मिमीच बरी वाटते.

दुसरं म्हणजे स्टील. व्हीजी-१० स्टेनलेस आहे, कडकपणा ६० एचआरसीच्या (स्टीलचा कडकपणा मोजायचं माप) आसपास, धार चांगली टिकते. आओगामी नाहीतर शिरोगामी म्हणजे कार्बन स्टील, धार अप्रतिम लागते पण लिंबू कापून तसंच ठेवलं की पातं काळपटतं आणि ओलं राहिलं तर गंज. मी सुरी लगेच धुवून पुसते, तरी काम चालू असताना मधेमधे पुसत बसावं लागतं का हे वापरणाऱ्यांनीच सांगा.

धार लावायचा १००० ग्रिटचा दगड आहे माझ्याकडे (आकडा जितका मोठा तितका दगड बारीक), फिनिशिंगला ३००० पुरेल की ६००० घ्यावाच? सेकी किंवा साकाई या जपानी गावांत बनलेली सुरी कोणी रोज वापरत असेल तर नक्की लिहा प्लीज.