योकिचचे १७ गुण आणि ४० मिनिटं

'एनबीएत (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) २०२३-२४ मध्ये सरासरी २६ गुण काढणारा सर्बियाचा योकिच अमेरिकेविरुद्ध १७ वरच अडकला' असं कुणीतरी म्हटलंय; हा मुद्दा मला अर्धाच पटतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली ती उपांत्य लढत (अमेरिका ९५, सर्बिया ९१) फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी, म्हणजे ४० मिनिटांची होती. एनबीएचा सामना ४८ मिनिटांचा. त्या हिशेबाने अमेरिकेचे ९५ गुण ११४ होतात, आणि २०२३-२४ च्या मोसमात एनबीए संघांची सरासरीही जवळपास तेवढीच होती. शिवाय योकिचचे ११ असिस्ट (ज्यावर सहकाऱ्याने लगेच बास्केट केली असे पास) इथे कुणी धरलेच नाहीत! अमेरिकेच्या स्टीफन करीचे ३६ गुण मात्र कुठल्याही मापाने अफाटच.

असिस्टचं आणखी एक. ठाण्यातल्या आंतरशालेय सामन्यांना मी अधूनमधून स्कोअर टेबलवर बसतो. गुण टिपणं सोपं असतं, पण पास मिळाल्यावर पोराने दोन ड्रिबल टाकून मग बास्केट केली तर असिस्ट द्यायचा का, यावरून शेजारच्याशी हमखास जुंपते. म्हणून दोन वेगळ्या स्पर्धांमधले असिस्टचे आकडे शेजारी मांडले की मी जरा हात राखूनच बोलतो. रिबाउंडचं (हुकलेल्या फेकीनंतर चेंडू पकडण्याचं) तसं नाही, तो ज्याच्या हातात त्याचा.