फौजीच्या मनाला जास्त काय खातं, सीमा की घर?

कळव्याची नंदा
माझा धाकटा भाऊ फौजेत आहे. गेल्या महिन्यात रजेवर आला होता. तिसऱ्या दिवशी पहाटे चारला पाहते तर गॅलरीत बसलेला, फोनवर गावच्या जमिनीचा सातबारा उघडलेला. चुलत्यांनी बांध सरकवलाय. म्हणाला, "ताई, तिकडं असलो की इथलं काही निस्तरता येत नाही. माझा सगळ्यांना त्रासच आहे." माझे हातपाय गळाले. सरळ विचारलं, जीव द्यायचं मनात येतं का? बराच वेळ गप्प बसला, मग "कधी कधी" म्हणाला. असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस बोलता होतो. त्या रात्रीपासून त्याला एकटं सोडलं नाही, दोन दिवसांत ठाण्यात डॉक्टरांना दाखवलं. पलटणीच्या डॉक्टरांना सांग म्हटलं तर म्हणतो, "कॅटेगरी लागली की प्रमोशन गेलं." म्हणजे वैद्यकीय नोंदीत आजाराचा शेरा आला की बढती थांबते, ही त्याची भीती.

लोक सगळं लढाईवर ढकलतात. अमेरिकेत दीड लाखाहून जास्त आजी-माजी सैनिकांचा अभ्यास २०१३ साली आला. त्यात लढाईवर गेल्यामुळे आत्महत्येचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. नैराश्य आणि दारूचा संबंध मात्र दिसला. थॉमस जॉयनर हे मानसशास्त्रज्ञ सांगतात, 'मी कुणाचाच नाही' आणि 'मी ओझं आहे' या दोन भावना एकत्र आल्या की मरणाचे विचार येतात. दुसरी तर मी भावाच्या तोंडून ऐकली. माझं मत: मनाच्या आजाराची कॅटेगरी आणि बढती यांची फारकत करा.

माजी सुभेदार, ऐरोली
ताई, भावाला विचारलंत ते उत्तम केलंत. पण मत पटत नाही. २८ वर्षं नोकरी केली. आमच्या वैद्यकीय श्रेणीला 'शेप' (SHAPE) म्हणतात, त्यातलं पहिलं अक्षरच, एस, मनाचं असतं, ते उगाच नाही. ज्याच्या हातात हत्यार आहे त्याचं मन ठीक नसेल तर नोंद व्हायलाच हवी. जवानाला सांभाळते ती पलटण. बडी, म्हणजे जोडीदार जवान, बाजूच्या खाटेवर असतो, जेवला नाही तर त्याला आधी कळतं. बिघडवतो तो मोबाइल. आमच्या वेळी पत्र पंधरा दिवसांनी यायचं, तोवर घरचं भांडण मिटलेलं असायचं.

फौजीची बायको, कोपरखैरणे
काका, म्हणजे मुलाला ताप आला तर आम्ही नवऱ्याला सांगायचं नाही? यांच्याशी रोज पाच मिनिटं बोलणं होतं. ते बंद झालं तर आम्ही दोघंही कोलमडू.

नेरुळ, समुपदेशक
सुभेदारसाहेब, हत्याराबद्दल तुमचं बरोबर आहे. इस्रायलच्या सैन्याने २००६ मध्ये आठवड्याच्या सुट्टीला घरी जाताना हत्यार छावणीतच ठेवायचा नियम केला. १८ ते २१ वयाच्या सैनिकांमधल्या आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी घटल्या. पण नियम सगळ्यांना सारखा होता. कुणाला वेगळं काढलं नाही, कुणाच्या कागदावर शेरा आला नाही. हत्यार काही दिवस बाजूला ठेवणं वेगळं आणि शेऱ्याच्या भीतीने जवानाने आजार लपवणं वेगळं. लपवलेल्या आजाराची नोंद तुम्ही कुठे करणार?

माजी सुभेदार, ऐरोली
लपवतात हे खरं आहे. माझ्या हाताखालच्या एका पोराने लपवलं होतं. मला उशिरा कळलं, ते अजून टोचतं. तरी नोंद हवीच, यावर मी ठाम आहे. बहिणी, तुला कामाचं सांगतो. जमिनीचा अर्ज त्याने सीओसाहेबांकडे, म्हणजे पलटणीच्या प्रमुखांकडे द्यावा, त्यांचं पत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा. निम्मं ओझं त्या बांधाचंच असेल.

नेरुळ, समुपदेशक
आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घालून ठेवा, मोफत आहे, रात्रीही लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी याचा खास कक्षही सुरू झाला. नंदाताई, हे तुमच्यासाठीसुद्धा.

कळव्याची नंदा
सातबाऱ्याची प्रत काढून पाठवली, आज तो अर्ज लिहितोय. बडीला त्याने स्वतःहून सांगितलंय. आता रात्री तो झोपला की बडीचा मला मेसेज येतो. कॅटेगरीबद्दलचं माझं मत मात्र तेच आहे, काका.