मदत हवी आहे: बरीच वर्षं उभा असलेला डिझेल ट्रॅक्टर चालू करायचाय

मंडळी, तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर बरीच वर्षं शेडमध्ये उभा आहे. थेट सेल्फ मारला नाही. आधी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून पाहिलं. थोडं फिरतं आणि अडतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरल्या असाव्यात. इंजेक्टर काढून भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइलचं मिश्रण सोडलंय. हे किती दिवस मुरू द्यावं? जोर लावला आणि रिंग तुटली तर सगळंच उघडावं लागेल.

टाकीतलं जुनं डिझेल काढलं, तळाशी पाणी आणि गाळ निघाला. फिल्टर-ऑइल बदलणं, डिझेल लाइनमधली एअर काढणं हे जमेल.

खरी धास्ती फ्युएल पंपाची. इनलाइन पंप आहे (प्रत्येक सिलिंडरचा प्लंजर एका ओळीत असलेला). आतला रॅक, म्हणजे डिझेल कमी-जास्त करणारी दांडी, फुल डिझेलवर अडकला असेल तर इंजिन सुरू होताच सुसाट रेस धरेल आणि स्टॉप ओढूनही बंद होणार नाही. पंप न उतरवता रॅक मोकळा आहे का हे कसं तपासायचं? तसं झालंच तर हवा तोडून इंजिन बंद करावं म्हणून हवेचा पाइप झाकायला जाड फळी तयार ठेवलीय, तेवढी पुरेल का?

(इंजिन चटकन सुरू करायला हवेच्या पाइपात मारतात तो ईथर स्प्रे मात्र कृपया सुचवू नका.)