मदत हवी आहे: तीन रिव्ह्यू होऊनही एसआरएसमध्ये (सॉफ्टवेअरने काय करायचं ते लिहिलेल्या दस्तऐवजात) चुका राहतात

वैतागवाडीकर
६४ कलमी चेकलिस्ट भरली, तीन रिव्ह्यू झाले, तरी यूएटीत (क्लायंट स्वतः करतो त्या शेवटच्या चाचणीत) क्लायंट म्हणतो, "आम्ही असं सांगितलंच नव्हतं." सोमवारी पुढच्या मॉड्यूलची बेसलाइन (मान्य झालेला मसुदा) गोठवायची आहे. चेकलिस्ट वाढवू की टूल घेऊ? लवकर सांगा.

चौकस
कसलं सॉफ्टवेअर? लिहितं कोण? दोन-तीन वाक्यं जशीच्या तशी टाका, नाहीतर इथे सगळं अंदाजपंचे दाहोदरसे चालेल.

टूलवाला
जिरा (कामं नोंदवायचं टूल) आणि ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स (कुठली रिक्वायरमेंट कुठे तपासली याचा तक्ता). प्रत्येक रिक्वायरमेंटला आयडी, आयडीला टेस्ट केस. विषय संपला.

जुनी टेस्टर
मॅट्रिक्स चुकीच्या वाक्यालाही तितक्याच इमानाने टेस्ट केस जोडतं.

वैतागवाडीकर
पतसंस्थेचं कर्ज मॉड्यूल. आमचा बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट) लिहितो.
१. हप्ता थकल्यास योग्य दंडव्याज आकारावे.
२. व्याज दररोज मोजले जावे.
३. देय तारखेला सुट्टी असल्यास हप्ता पुढे ढकलावा.
यात न कळण्यासारखं काय आहे?

सहकारमित्र
दंडव्याज काढून टाका! रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात ते बंद केलंय, आता फक्त दंडात्मक शुल्क.

चौकस
ते बँका आणि एनबीएफसींना (बिगर-बँक वित्त कंपन्यांना), नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकांकडे. आणि धाग्याचा प्रश्न तो नाहीच.

जुनी टेस्टर
वैतागवाडीकर, चुका वेगवेगळ्या जातीच्या आहेत, म्हणून एक चेकलिस्ट पुरत नाही. १२ चे २१ होणं ही हातची चूक, दुसरा वाचणारा पकडतो. क्र. ३ हा विसर आहे: ढकललेल्या दिवसांचं व्याज लागणार का? दुसऱ्या दिवशीही सुट्टी असेल तर? देय तारीख ३१ मार्च असेल तर? यासाठी टेम्प्लेटमध्ये रकाने करा. रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो.

क्र. २ सर्वांत घातक, कारण तिथे समजच वेगळी असते. १ लाख रुपये, १२ टक्के, फेब्रुवारी २०२४: २९ दिवसांचं व्याज ३६५ ने भागून ९५३.४२, ३६६ ने भागून ९५०.८२, आणि ३०/३६० पद्धतीने (महिना ३० दिवसांचा, वर्ष ३६० दिवसांचं धरून) महिन्याचे सरळ १,०००. चेकलिस्टवर "व्याजाचा नियम लिहिला का?" समोर तिन्ही वेळा बरोबरची खूणच पडेल. हिशेबाच्या प्रत्येक नियमाखाली तीन सोडवलेली उदाहरणं द्या: साधं, सीमेवरचं आणि चुकीच्या इनपुटचं. आकडे संस्थेच्या अकाउंटंटकडून भरून घ्या, बीएकडून नाही.

नियमावली
'योग्य', 'त्वरित', 'इत्यादी' शोधून उडवा. मग ईअर्सचा (रिक्वायरमेंट ठरावीक वाक्यरचनेत लिहायच्या पद्धतीचा) साचा: "देय तारखेपासून __ दिवसांत हप्ता जमा झाला नाही, तर सिस्टिम थकीत __ रकमेवर द.सा. __ टक्के आकारेल." रिक्वायरमेंट नीट नसली की काय होतं, एककांच्या घोळात मंगळाजवळ गमावलेलं नासाचं यान, मार्स क्लायमेट ऑर्बायटर, आठवा.

चौकस
उदाहरण चुकलं. तिथे इंटरफेसच्या कागदावर न्यूटन-सेकंदच लिहिलं होतं, जमिनीवरच्या सॉफ्टवेअरने पाउंड-सेकंदांत आकडे दिले. दस्तऐवज बरोबर, पडताळणी गायब.

नियमावली
मग पडताळणीचीही रिक्वायरमेंट लिहायला हवी होती ना!

टूलवाला
टूलमध्ये ते आपोआप होतं.

जुनी टेस्टर
होत नाही. रिव्ह्यूची पद्धत बदला. मीटिंगआधी प्रत्येकाने एकट्याने वाचून शंका लिहून आणायच्या, मीटिंग दोन तासांच्या आत. लेखकाने वाचून दाखवायचं नाही; दुसऱ्याने आपल्या शब्दांत सांगायचं. लेखक "नाही, म्हणजे असं नाही" म्हणाला की ते वाक्य लाल. आयबीएममधल्या फॅगनने १९७६ साली मांडलेल्या इन्स्पेक्शनचं मूळ हेच.

वैतागवाडीकर
सोमवारपर्यंत एवढं जमणार नाही. फक्त व्याजाचे नियम धरतो.

चौकस
चालेल. अपुरी रक्कम भरली तर आधी दंड वळता होतो, व्याज की मुद्दल? कुठल्या कलमात आहे?

वैतागवाडीकर
ते तर सगळ्यांना माहीतच असतं.

चौकस
लिहा.