मदत हवी आहे : सोसायटी म्हणते पिटबुल आहे, आठ दिवसात काढा (नागपूर)

बेसारोड_५२
नमस्कार, अर्जंट आहे म्हणून सरळ लिहिते. काल सोसायटीचं पत्र आलं की तुमचा कुत्रा सरकारने बंदी घातलेल्या जातीचा आहे, आठ दिवसात काढा नाहीतर पोलिसात तक्रार करू. सोबत २३ जातींची यादी जोडली आहे आणि पिटबुलवर पेनने गोल केला आहे. आता मी याला नेऊ कुठे? मला एवढंच सांगा की बंदी खरंच आहे का, आणि हा पिटबुलच आहे हे ठरवतं कोण. यांचा बीपी वाढला आहे, मला रात्रभर झोप नाही. कोणाला अनुभव असेल तर लवकर सांगा.

संत्रानगरी
भाऊ आधी पूर्ण सांगा तर खरं. किती वर्षांचा आहे, नर की मादी, नसबंदी झाली का, मनपाचं लायसन्स आहे का, घर स्वतःचं की किरायाचं, आणि मुख्य म्हणजे कोणाला चावला का? पत्र असं हवेतून येत नाही.

दोन_लेकरांचा_बाप
देऊन टाका. मी स्पष्ट बोलतो, राग येऊ देऊ नका. २०२२ च्या जुलैत लखनौला घरच्याच पिटबुलने म्हाताऱ्या मालकिणीचा जीव घेतला, परक्या माणसाचा नाही. त्यानंतर ऑक्टोबरात गाझियाबाद मनपाने पिटबुल, रॉटवायलर आणि डोगो अर्जेंटिनोवर बंदी घातली. माझी लेकरं खाली खेळतात, मी तुमच्या सोसायटीत असतो तर मीही सही केली असती.

बेसारोड_५२
मी भाऊ नाही, ताई आहे. फ्लॅट आमचा स्वतःचा आहे. भुऱ्या तीन वर्षांचा आहे, नर. मुलाने कॉलेजात असताना आणला, आता तो नोकरीला बंगलोरला गेला आणि हा आमच्याकडे राहिला. घरात एकदम शांत आहे हो, माझ्या पायाशी झोपतो, फटाक्यांना घाबरून पलंगाखाली जातो. लायसन्सचं मुलाला विचारते.

कोर्टकचेरी_नागपूर
ताई, बंदीचं मी सांगतो, हे प्रकरण मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या पत्रातली यादी १२ मार्च २०२४ ची दिसते. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने तेव्हा सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं, २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, ब्रीडिंग, विक्री बंद करा म्हणून. पण ते पत्र टिकलं नाही. १० एप्रिल २०२४ ला कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं आणि त्याच महिन्यात दिल्ली हायकोर्टातही ते बाजूला पडलं, कारण कोणालाही न विचारता काढलं होतं. मग केंद्राला लोकांच्या हरकती मागवाव्या लागल्या. आणि ते पत्र चालू असतं तरी त्यात ज्यांच्या घरी आधीपासून असे कुत्रे आहेत त्यांनी नसबंदी करून घ्यावी एवढंच होतं, घरातून काढा असं कुठेच नव्हतं. सोसायटीबद्दल म्हणाल तर पशू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या परिपत्रकात साफ लिहिलं आहे की ठराव करूनही कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही. तेव्हा पत्राला लेखी उत्तर द्या, तोंडी भांडू नका. पण संत्रानगरींनी विचारलं ते महत्त्वाचं आहे, चावला असेल तर सगळं बदलतं. जनावराबाबत निष्काळजीपणा झाला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ लागतं, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड.

डॉगवाला_सदर
ताई वजन किती आहे भुऱ्याचं? कान कापलेले आहेत का? एक फोटो टाका. माझ्याकडे २० वर्षांपासून कुत्रे आहेत, नागपुरात जो तो चौकोनी तोंडाच्या कुत्र्याला पिटबुल म्हणून राहिला.

बेसारोड_५२
वजन मागच्या वेळी ३८ किलो भरलं होतं. कान कापलेलेच आले होते, मुलाने ज्याच्याकडून घेतला त्याने पेपर देतो म्हणून जास्तीचे पैसे घेतले, पेपर आले नाहीत. फोटोला थांबा, सोसायटीतले पण इथे वाचत असतील.

डॉगवाला_सदर
३८ किलो! मग ताई हा अस्सल अमेरिकन पिट बुल टेरियर असणं कठीण आहे. अमेरिकेत युनायटेड केनेल क्लब या जातीची नोंद ठेवतो, त्यांच्या हिशोबाने नर १६ ते २७ किलोचा असतो, चपळ, लांब पायांचा. हा बहुतेक अमेरिकन बुली किंवा त्याचा क्रॉस आहे. बुली ही अलीकडची पैदास, त्या क्लबने २०१३ मध्ये मान्य केली.

मुळात पिटबुल ही एक जात नाहीच, कुळ म्हणा हवं तर. इंग्लंडमध्ये जुन्या काळी खुंट्याला बांधलेल्या बैलावर कुत्रे सोडायचे, लोक पैसे लावून पाहायचे. १८३५ मध्ये कायद्याने तो प्रकार बंद केला, कुत्र्यांच्या झुंजीही बंद केल्या, पण बैल लपवता येत नाही आणि कुत्रे तळघरात लपवता येतात, म्हणून झुंजी चोरून वाढल्या. त्यासाठी जुना दणकट बुलडॉग आणि चपळ टेरियर यांचा क्रॉस काढला. ज्या खड्ड्यात झुंज लावायचे तो पिट, तेच नाव चिकटलं. पुढे इंग्लिश आणि आयरिश लोक हे कुत्रे घेऊन अमेरिकेत गेले, तिथे ते शेतावर राखणीला राहिले. १८९८ मध्ये युनायटेड केनेल क्लब निघाला तोच या कुत्र्यांसाठी, पहिली नोंद संस्थापकाच्या स्वतःच्या कुत्र्याची. दुसऱ्या मोठ्या क्लबला झुंजीचं नाव नको होतं म्हणून त्यांनी १९३६ मध्ये तेच रक्त स्टॅफर्डशायर टेरियर नावाने घेतलं. एकच कुत्रा, दोन क्लब, दोन नावं, आणि लोक इथे पेनने गोल करून राहिले.

आणि कान कापणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. ज्याने कापले त्याला कोणी पत्र पाठवत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दोन_लेकरांचा_बाप
म्हणजे तुम्हीच कबूल केलं की झुंजीसाठीच तयार केला. शंभर वर्षं जे रक्तात भरलं ते फ्लॅटमध्ये दूध पाजून जाणार आहे का? जबडा लॉक होतो त्याचा, मग दहा माणसं लागतात सोडवायला.

डॉगवाला_सदर
जबडा लॉक होत नाही. कुठल्याच कुत्र्याच्या जबड्यात तशी कडी नसते, हाडं चारचौघांसारखीच. हां, पकडलं तर लवकर सोडत नाही ही सवय आहे, ते मी नाकारत नाही. आणि झुंजीत मालक स्वतः खड्ड्यात उतरून कुत्र्याला हाताने धरायचे, माणसाला चावणारा कुत्रा त्यांना कामाचा नव्हता. चीड दुसऱ्या कुत्र्यावर असते, माणसावर नाही.

गोरेवाडा_पशुवैद्य_विद्यार्थी
डॉगवाला काका, हे शेवटचं अर्धंच धरा. माणसाला चावलेले कुत्रेही चांगले लढतात म्हणून ठेवले गेले, आणि आजचा भुऱ्या त्या खड्ड्यापासून कितीतरी पिढ्या लांब आहे, मध्ये कोणी काय निवडून पैदास केली ते आपल्याकडे तर कोणी लिहूनच ठेवत नाही. २०२२ मध्ये सायन्स मासिकात १८ हजारांवर कुत्र्यांचा अभ्यास आला होता, एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी ९ टक्क्यांच्या आसपासच जातीवरून सांगता येतो असं निघालं. बाकी वय, लहानपणी माणसं पाहिली की नाही, कसं बांधलं, कसं वाढवलं. पण बापभाऊंचंही एक खरं आहे. पामेरियन चिडला तर टाके पडतात, ३८ किलोचा चिडला तर जीव जाऊ शकतो. म्हणून मालकाची जबाबदारी जास्त.

एमएच३१_राजा
नर आहे ना, मेटिंगसाठी देता का? माझ्याकडे मादी आहे, पिल्लं अर्धी अर्धी करू.

कोर्टकचेरी_नागपूर
अबे इथे त्या ताईंची झोप उडाली आहे आणि तुला पिल्लं सुचून राहिली. आणि राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी न करता ब्रीडिंग करून पिल्लं विकणं २०१७ च्या नियमात बसत नाही.

कारवानी_प्रेमी
माझं कोणी ऐकत नाही पण मी सांगतो, आपले देशी जातीचे कारवानी, मुधोळ पाळा. आपल्या उन्हात टिकतात. नागपूरचं ऊन ४५ च्या वर जातं आणि आखूड तोंडाचे हे बुली एसीशिवाय धापा टाकतात. दुपारी डांबरावर फिरवू नका, पाय भाजतात.

संत्रानगरी
ते घरात आहे त्या कुत्र्याचं विचारून राहिल्या दादा, नवीन घ्यायचा नाही.

धंतोली_मॉर्निंगवॉक
पाळलेल्या कुत्र्याचं सोडा, रस्त्यावरच्यांचं काय? आमच्या गल्लीत सकाळी चालता येत नाही. २०२२ मध्ये आपल्याच नागपूर खंडपीठाने सांगितलं होतं की सार्वजनिक जागी खाऊ घालू नका, हौस असेल तर दत्तक घ्या, आणि महिनाभरात सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. सामान्य माणसाने जायचं कुठे?

खाऊवाली_ताई
आम्ही खाऊ घालतो म्हणून ती कुत्री ओळखतात, नसबंदीला हाताने पकडून देता येतात. उपाशी ठेवल्याने कुत्री कमी होत नाहीत हो.

धंतोली_मॉर्निंगवॉक
तुमच्या गेटसमोर घाला मग.

संत्रानगरी
याचा वेगळा धागा काढा ना बाप्पा. ताई, चावल्याचं तुम्ही अजून सांगितलं नाही. मी तिसऱ्यांदा विचारतो.

बेसारोड_५२
सांगते. लपवायचं नव्हतं, पण ते चावणं नव्हतं म्हणून लिहिलं नाही. रविवारी संध्याकाळी हे त्याला खाली घेऊन गेले, गेटवर बाहेरचा एक कुत्रा अंगावर आला आणि दोघं भिडले. आमचे वॉचमन दादा मध्ये हात घालून सोडवायला गेले, त्यांच्या मनगटाला भुऱ्याचा दात लागला. थोडं रक्त आलं. यांनी लगेच कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, टिटनसचं इंजेक्शन दिलं, पट्टी केली, पैसे आम्हीच दिले. दादांची काही तक्रार नाही. पत्र त्यानंतर आलं.

गोरेवाडा_पशुवैद्य_विद्यार्थी
ताई थांबा. फक्त टिटनस? रेबीजचं इंजेक्शन दिलं की नाही? जखम साबणाने धुतली होती का? भुऱ्याला रेबीजची लस शेवटची कधी दिली? सोसायटीचं पत्र बाजूला ठेवा, आधी याचं उत्तर द्या.

बेसारोड_५२
धुतली होती, नळाखाली, साबण आठवत नाही. फक्त टिटनसच दिलं. भुऱ्याचं कार्ड मुलाने आता व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, शेवटची लस चौदा महिन्यांपूर्वीची आहे. तो घरातला कुत्रा आहे, त्याला कुठून रेबीज होणार?

गोरेवाडा_पशुवैद्य_विद्यार्थी
बाहेरच्या कुत्र्याशी भिडला ना ताई, त्या कुत्र्याने भुऱ्याला चावलं असेल तर? लस वर्षाची होती, दोन महिने वर गेले. आज गुरुवार, चार दिवस झाले, अजून वेळ आहे पण उद्यावर टाकू नका. दादांना आत्ताच्या आत्ता मेडिकलला नाहीतर मेयोला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला घेऊन जा. रक्त आलं म्हणजे तिसऱ्या श्रेणीची जखम, लसीसोबत जखमेत सिरमही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) द्यावं लागतं. तिथे नीट सांगा की कुत्र्याचा दात लागला, खरचटलं म्हणू नका. जखम आताही साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा. भुऱ्याला दहा दिवस घरात वेगळा बांधून रोज पाहा, खातो का, पाणी पितो का, आवाज बदलला का. रेबीज झालेल्या माणसाला वाचवता येत नाही ताई, म्हणून इतकं जोर देऊन सांगून राहिलो.

दोन_लेकरांचा_बाप
ताई गाडीची अडचण असेल तर सांगा, मी मनीषनगरला राहतो, पंधरा मिनिटात येतो. वाद नंतर करू.

बेसारोड_५२
यांना दादांसोबत पाठवलं, ऑटो मिळाला. भाऊ तुमचे आभार.

कोर्टकचेरी_नागपूर
दादांचा सगळा खर्च तुम्हीच करा, पावत्या ठेवा. आणि सोसायटीला उत्तर लिहाल त्यात ही घटना लपवू नका, पुढे कुठूनही बाहेर आली तर तुमचीच बाजू पडते.

बेसारोड_५२
अपडेट देते. रात्री मेडिकलला दादांना सिरम आणि पहिला डोस मिळाला, पुढचे डोस तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, तारखा आम्ही फ्रीजवर लावल्या. मला खरंच वाटलं होतं की टिटनस म्हणजे झालं. आज सकाळी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात भुऱ्याला दाखवलं, ते म्हणाले दहा दिवस पूर्ण होऊ द्या, मग लस आणि त्यानंतर नसबंदीची तारीख देऊ. कागदावर जात काय लिहायची विचारलं तर डॉक्टरांनी मिश्र लिहिलं. लायसन्स कधी काढलंच नव्हतं, सोमवारी झोन ऑफिसला जाते.

सेक्रेटरींना मी स्वतः जाऊन भेटले. आधी दादांचं सांगितलं, मग कोर्टाचं. ते म्हणाले लेखी द्या, कमिटीपुढे ठेवतो, पण तोंडाला जाळी लावल्याशिवाय लिफ्टमध्ये आणायचा नाही. मी हो म्हटलं. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी अजून माझ्याशी बोलत नाहीत, त्यांचा नातू लहान आहे, मला त्यांचाही राग येत नाही.

डॉगवाला_सदर
जाळी घ्याल तर टोपलीसारखी घ्या ताई, कापडाची पट्टी नको, त्यात तोंड उघडून धापा टाकता येत नाही आणि आपल्या उन्हात तेच त्याच्या जीवावर येईल. आधी दोन चार दिवस घरातच जाळीतून पोळीचा तुकडा द्या, सवय होऊ द्या. आणि परत कधी भिडला तर हात मध्ये घालायचा नाही, बादलीभर पाणी नाहीतर मध्ये खुर्ची. दादांनाही सांगा.

बेसारोड_५२
साइज कसा घ्यायचा? तोंड फार रुंद आहे याचं.

डॉगवाला_सदर
टेपने दोन मापं घ्या, डोळ्यांच्या खालून नाकाच्या टोकापर्यंत लांबी आणि तोंड जिथे सर्वात जाड तिथला घेर. तोंड थोडं उघडं असताना घेर घ्या, नाहीतर घट्ट होतो. मापं इथे टाका, सदरला दुकानात पाहून सांगतो.

संत्रानगरी
आणि झोनमध्ये लायसन्सला काय काय कागद मागितले ते पण टाका ताई, माझंही काढायचं राहिलं आहे.